तिरफळाच्या वासात कोण कोण राहतं?

दोस्तांनो, कार्ल्याच्या लेण्यांत गेलात की सगळे धावतात ते चैत्यगृहाच्या आत. हत्तींवर बसलेल्या माणसांचे ते खांब, छताच्या त्या जुन्या लाकडी कमानी! धावा खुशाल, पण आत शिरण्याआधी दाराशी थोडं थांबा. तिथल्या दगडावर ब्राह्मी लिपीत काही लेख कोरलेले आहेत. हे लेणं उभं करायला कोणी कोणी हातभार लावला, ते त्यांत लिहिलंय. कोणी शेठ, कोणी सुतार, कोणी यवन. त्यातला एक लेख सांगतो, की हे दार धेनुकाकट गावच्या सिंहदत्ताचं दान आहे. आणि सिंहदत्ताचा धंदा कोणता? सुगंधी वस्तूंचा व्यापार! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मावळात एका अत्तरवाल्याने आपल्या कमाईतून लेण्याला दार दिलं.

सिंहदत्ताजवळ माल पारखायला काय असेल? त्याचं नाक. तो वास घेऊन सांगत असणार, हे चंदन चांगलं, हे भेसळीचं. पण एखाद्या मुलाने त्याला विचारलं असतं, ‘या वासात नेमकं काय काय आहे?’ तर त्याला उत्तर देता आलं नसतं. त्या काळी जगात कोणालाच देता आलं नसतं. आज देता येतं. वासाची अगदी नावनिशीवार यादी काढता येते. ती कशी काढतात, तेच आज पाहू.

त्यासाठी एक झाड निवडू या, आपल्या सह्याद्रीचं आणि कोकणाचं. तिरफळ!

कोणी याला चिरफळ म्हणतं, गोव्यात तेफळ म्हणतात. शास्त्रीय नाव झँथॉक्झायलम र्‍हेट्सा. उंच वाढणारं झाड, आणि खोडावर जाड, टोकदार, शंकूच्या आकाराचे काटेच काटे. या झाडावर चढायची कोणाची हिंमत होत नाही. पावसाळ्यात त्याला हिरव्या, मिरीएवढ्या फळांचे घोस लागतात. फळं वाळली की उकलतात आणि आतली काळी चकचकीत बी दिसते. बी फेकून द्यायची, टरफल ठेवायचं. तळकोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या तिखल्यात हीच टरफलं घालतात. तुमच्या घरी करत असतील तर डबा उघडून वास घ्या. आधी लिंबाची आठवण येते, मग मिरीची, मग कुठेतरी ओल्या लाकडाची.

लिंबाची आठवण येणं अगदी बरोबर आहे, कारण तिरफळ लिंबाच्याच कुळातलं आहे. याच कुळात संत्रं, मोसंबी, बेल, कढीपत्ता आणि सताप ही मंडळी येतात. हे नातं डोळ्यांनी पाहायचंय? मग कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं एक पान घ्या आणि उजेडासमोर धरा. पानात बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. भिंग असेल तर फारच छान. ते ठिपके म्हणजे तेलाने भरलेले सूक्ष्म कप्पे आहेत. पान चुरगाळलं की ते फुटतात, तेल हवेत उडतं, आणि वास येतो. तिरफळाच्या पानातही असेच ठिपके असतात. तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल कागदावर पडलं की डाग कायम राहतो. हे तेल मात्र उडून जातं. म्हणून याला बाष्पशील तेल म्हणतात.

आता हे तेल बाहेर कसं काढायचं?

प्रयोगशाळेत वाळलेली टरफलं भरडून काचेच्या चंबूत पाण्यात टाकतात आणि पाणी उकळतात. वाफ वर जाते, तेलाला बरोबर नेते, थंड नळीत पोहोचली की तिचं पुन्हा पाणी होतं. तेल पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून वर तरंगतं. १९२८ साली अमेरिकेतल्या क्लेव्हेंजर नावाच्या शास्त्रज्ञाने यासाठी एक सुरेख काचेचं उपकरण तयार केलं. त्यात पाणी आपोआप चंबूत परत जातं आणि तेल मात्र खुणा असलेल्या नळीत साठतं, त्यामुळे ते किती निघालं हे तिथल्या तिथे वाचता येतं. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही तेच उपकरण वापरतात. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असतं आणि खाली बसतं, म्हणून त्याच्यासाठी नळीची रचना वेगळी असते.

इथे एक कोडं आहे बरं का. तिरफळाच्या तेलात लिमोनीन नावाचा पदार्थ असतो. तो १७६ अंश सेल्सिअसला उकळतो. पाणी समुद्रकाठी १०० अंशांना उकळतं. कार्ले-लोणावळा परिसर समुद्रापासून सुमारे ६०० मीटर उंच, तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मग १७६ अंश लागणारं लिमोनीन ९८ अंशांना वर कसं आलं?

उत्तर ऐका. द्रवाच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की तो उकळतो. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघंही आपापली वाफ सोडत राहतात आणि दोन्ही दाबांची बेरीज होते. पाण्याचा दाब मोठा, तेलाचा छोटासा. बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की उकळायला सुरुवात! म्हणजे दोघं मिळून एकट्या पाण्यापेक्षाही थोडं आधीच उकळतात. तेलाला फार तापवावं लागत नाही, म्हणून त्यातले नाजूक पदार्थ जळत नाहीत.

तर आता आपल्याजवळ तेल आहे. फिकट रंगाचं, पातळ. डोळ्यांना ते एकच दिसतं. प्रत्यक्षात त्यात कितीतरी प्रकारचे रेणू एकत्र आहेत. त्यांना वेगळं करायचं काम गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र करतं. ही पद्धत १९५२ साली इंग्लंडमध्ये आर्चर मार्टिन आणि अँथनी जेम्स यांनी जगापुढे मांडली. यंत्राच्या पोटात एक गुंडाळलेली नळी असते. लांबी साधारण ३० मीटर, आणि आतलं भोक मिलिमीटरचा एक चतुर्थांश! नळीच्या आतून एका चिकट द्रवाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. एका टोकाने तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब सोडतात. त्याची लगेच वाफ होते आणि हेलियम वायू तिला पुढे ढकलतो.

हे समजायला कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या देवळाच्या पायऱ्या आठवा. चैत्राच्या यात्रेत एक मोठा घोळका पायथ्याशी एकाच वेळी चढायला लागला. काही जण कुठेही न थांबता सरळ वर जातात. काही जण नारळाच्या दुकानाशी थांबतात. काही जण नारळ, पेढे, खेळणी, सरबत, प्रत्येक दुकानाशी रेंगाळतात. खाली एकत्र निघालेली मंडळी देवळात वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. नळीतही तसंच होतं. चिकट थरात जो रेणू कमी रमतो तो लवकर बाहेर पडतो, जो जास्त रमतो तो उशिरा. यंत्राची भट्टी नळीचं तापमान हळूहळू वाढवत नेते, म्हणजे मागे रेंगाळलेलेही शेवटी निघतात.

दुसऱ्या टोकाला प्रत्येक जण आल्याची नोंद होते आणि कागदावर एक शिखर उमटतं. शिखर जितकं मोठं, तितका तो पदार्थ जास्त. तिरफळाच्या तेलात आधी पायनीन येतं, मग सॅबिनीन, मग लिमोनीन, आणि बऱ्याच वेळाने टर्पिनेन-४-ऑल.

थांबा, थांबा! यंत्राला त्यांची नावं कशी कळली? आलेल्या वेळेवरून अंदाज करता येतो, पण दोन वेगळे रेणू जवळजवळ एकाच वेळी आले तर?

म्हणून पुढे दुसरं यंत्र जोडलेलं असतं, मास स्पेक्ट्रोमीटर. १९५० च्या दशकात अमेरिकेत रोलंड गोल्के आणि फ्रेड मॅकलॅफर्टी यांनी ही जोडी जमवली. नळीतून बाहेर येणाऱ्या प्रत्येक रेणूवर हे यंत्र वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करतं. रेणू फुटतो, आणि त्याच्या तुकड्यांची वजनं यंत्र मोजतं.

आता वही-पेन घ्या. कार्बनच्या अणूचं वजन १२ धरू, हायड्रोजनचं १, ऑक्सिजनचं १६. लिमोनीनमध्ये १० कार्बन आणि १६ हायड्रोजन असतात. वजन किती? १२० अधिक १६, म्हणजे १३६. बरोबर. आता पायनीन. त्यातही १० कार्बन, १६ हायड्रोजन. वजन १३६. सॅबिनीन? तेही १३६! तिघांचे अणू तेच आणि तितकेच, फक्त जोडणी वेगळी. तेवढ्या फरकाने एकाला संत्र्याचा वास, दुसऱ्याला चिडाच्या लाकडाचा, तिसऱ्याला मिरीच्या जवळचा!

फोडल्यावर फरक उघडा पडतो. लिमोनीन फुटलं की ६८ वजनाचा तुकडा सगळ्यांत जास्त मिळतो. पायनीन फुटलं की ९३ चा. पण सॅबिनीन फोडलं तरी ९३ चाच तुकडा पुढे येतो. मग पायनीन आणि सॅबिनीन वेगळे कसे ओळखायचे? त्यांच्या येण्याच्या वेळेवरून! जिथे वेळ पुरत नाही तिथे तुकडे सांगतात, आणि जिथे तुकडे पुरत नाहीत तिथे वेळ सांगते. दोन्ही पुरावे जुळले तरच शास्त्रज्ञ नाव लिहितात. तुलना करायला त्यांच्याजवळ मोठे संग्रह असतात. रॉबर्ट अ‍ॅडम्स या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या एका पुस्तकात तर सुगंधी तेलांतल्या दोन हजारांहून अधिक पदार्थांच्या वेळा आणि तुकडे नोंदवलेले आहेत.

आता त्या ६८ कडे पुन्हा पाहा. १३६ च्या बरोबर निम्मे! हा योगायोग नाही. ५ कार्बन आणि ८ हायड्रोजन यांचा एक छोटा तुकडा आहे, त्याला आयसोप्रीन म्हणतात. वजन करून पाहा: ६० अधिक ८, म्हणजे ६८. दोन आयसोप्रीन जोडले की १३६. तीन जोडले की २०४, आणि तेवढ्याच वजनाचे सुगंधी रेणू चंदनापासून लवंगेपर्यंत कितीतरी वनस्पतींत सापडतात. टर्पिनेन-४-ऑलचं वजन १५४ आहे. हा आकडा कुठून आला? १३६ मध्ये पाण्याच्या एका रेणूचं वजन, १८, मिळवा! झाडं पाच-पाच कार्बनांचा हा तुकडा वेगवेगळ्या रीतींनी जोडून हजारो सुगंध तयार करतात. जर्मनीचे ऑटो वालाख यांनी अशा सुगंधी तेलांचा कसून अभ्यास केला आणि त्यांना १९१० चं नोबेल पारितोषिक मिळालं. या रेणूंच्या कुटुंबाला टर्पीन म्हणतात.

हे काम दूर परदेशातच झालं असं मात्र समजू नका. कार्ल्याहून लोकलने पुण्याला जाता येतं ना? त्याच पुण्यात पाषाणला १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. १९६० च्या दशकात तिथे डॉ. सुख देव आणि त्यांचे सहकारी टर्पिनांच्या गुंतागुंतीच्या रचना उलगडत होते. हिमालयातल्या चिडाच्या तेलात लाँगिफोलीन नावाचा १५ कार्बनांचा रेणू असतो. त्याच्यावर सुख देव यांनी केलेलं काम जगभर वाचलं गेलं. १९८० साली अमेरिकन केमिकल सोसायटीने त्यांना सुगंधी तेलांच्या रसायनशास्त्रासाठी दिला जाणारा अर्नेस्ट गुंथर पुरस्कार दिला.

तिरफळाच्या तेलातल्या मंडळींचे बाकीचे पत्तेही मजेशीर आहेत. लिमोनीन संत्र्याच्या सालीत भरपूर, तिथल्या तेलात ते ९० टक्क्यांहून जास्त असतं. पायनीन चिडाच्या टर्पेंटाइनमध्ये. सॅबिनीन काळ्या मिरीत. आणि टर्पिनेन-४-ऑल ऑस्ट्रेलियातल्या टी ट्री नावाच्या झाडाच्या तेलात, जे जंतुनाशक म्हणून प्रसिद्ध आहे. कुठे ऑस्ट्रेलिया, कुठे आपला कोकण! एकमेकांचे फारसे नातलग नसलेल्या झाडांनी तोच रेणू घडवला.

पण झाड हे सगळं करतं कशासाठी? आपल्या तिखल्यासाठी नक्कीच नाही! झाडाला पळता येत नाही. पान खायला आलेल्या किड्याला, आत शिरू पाहणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूंना ते रसायनांनी अडवतं. बहुतेक किडे या तेलापासून लांब राहतात. गंमत म्हणजे काही फुलपाखरं नेमकी याच कुळाच्या शोधात असतात. मलबार बँडेड पीकॉक हे केरळचं राज्य फुलपाखरू तिरफळाच्या पानांवर अंडी घालतं. आपलं महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत, त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातली पानं खातात. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पानाची चव घेते, आणि आपल्या पिल्लांचं हेच जेवण आहे अशी खात्री पटली की मगच अंडं घालते. म्हणजे पानातली रसायनं ओळखण्याचं काम फुलपाखरं माणसाच्या कितीतरी आधीपासून करतायत, आणि तेही पायांनी!

यंत्राला सगळं कळतं का? नाही. तिरफळाचा एक भाऊ चीनमध्ये असतो, सिचुआन मिरी. ती चावली की ओठांना झिणझिण्या येतात. २०१३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं, तर ओठांना होणारी ती जाणीव सेकंदाला साधारण ५० वेळा होणाऱ्या कंपनांसारखी निघाली. ती आणणारा सान्शूल नावाचा रेणू जड असतो आणि वाफेबरोबर उडत नाही. म्हणून तेलाचं कितीही बारीक विश्लेषण करा, झिणझिण्यांचं कारण त्यात सापडणार नाही. ते शोधायला वेगळी पद्धत लागते.

आणखी एक गोष्ट आहे. कागदावरचं सगळ्यांत मोठं शिखर सगळ्यांत जास्त वासाचं असतंच असं नाही. लिंबाच्या कुळातलंच ग्रेपफ्रूट घ्या. त्याचा खास वास गंधक असलेल्या एका रेणूमुळे येतो. हजार लिटर पाण्यात एका मिलिग्रॅमचा दहा हजारावा भाग इतका तो मिसळला तरी नाकाला कळतो! म्हणून काही प्रयोगशाळांत यंत्राच्या टोकाला एक जास्तीची नळी काढतात. तिच्याशी माणूस नाक लावून बसतो आणि प्रत्येक रेणू बाहेर आला की सांगतो, आता लिंबू, आता लाकूड, आता काहीच नाही. दोन हजार वर्षांनीही सिंहदत्ताच्या नाकाला नोकरी आहे.

आता तुमची पाळी. मोठ्यांना सोबत घेऊन हे करून पाहा.

पहिला प्रयोग: फुगा चांगला ताणून फुगवा आणि संत्र्याची ताजी साल त्याच्याजवळ दुमडून पिळा. तुषार फुग्यावर उडाले की बऱ्याचदा फुगा फट्कन फुटतो. सालीतलं लिमोनीन रबर विरघळवतं, म्हणून. डोळे मात्र सांभाळा.

दुसरा प्रयोग: कढीपत्ता, लिंबू, बेल आणि मिळालं तर तिरफळ, अशी पानं उजेडात धरून ठिपके पाहा. शेजारी आंब्याचं पान धरा आणि फरक शोधा.

तिसरा प्रयोग: एकेक पान चुरगाळा, डोळे मिटून वास घ्या, आणि जे जे आठवेल ते वहीत लिहा. मित्राला त्याचं वेगळं लिहू द्या. मग दोघांच्या वह्या जुळवा.

झाडाचं पान तोडण्यापेक्षा खाली पडलेलं ताजं पान उचला. लेण्यांच्या आवारातलं काहीही तोडू नका, ते संरक्षित स्मारक आहे. आणि बाटलीतलं सुगंधी तेल कधीही जिभेवर किंवा थेट कातडीवर घेऊ नका. एका थेंबात कितीतरी पानांचा अर्क असतो.

वहीत वासाबरोबर आणखी चार गोष्टी लिहायला विसरू नका: कोणतं झाड, त्याचा कोणता भाग, कुठलं गाव आणि कोणता महिना. तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? कारण एकाच झाडाच्या पानातलं तेल वेगळं आणि फळातलं वेगळं असतं. पावसाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं वेगळं असू शकतं. सावंतवाडीच्या आणि केरळच्या तिरफळात तेच पदार्थ वेगळ्या प्रमाणात सापडू शकतात. म्हणून या चार नोंदी नसतील, तर कितीही महागड्या यंत्रातून निघालेली यादी अर्धवटच राहते. आणि या नोंदी करायला प्रयोगशाळा लागत नाही. ज्याच्या अंगणात, परसात किंवा शाळेच्या वाटेवर झाड आहे, ज्याला ते कधी फुलतं, कधी फळतं, कोणती अळी येते हे ठाऊक आहे, तो त्या झाडाबद्दल शास्त्रज्ञालाही नवं काही सांगू शकतो. तुमच्या गावात असं सुवासाचं कोणतं झाड आहे? आजी-आजोबांना त्याचं गावातलं नाव विचारा, आणि पहिली नोंद याच आठवड्यात करा.